जुन्या इमारतीचे नूतनीकरण, हरित प्रमाणपत्र आणि मातीची धूप रोखण्याची अट

वळचण

नमस्कार. आमच्या शिक्षणसंस्थेची १९६२ साली बांधलेली एक इमारत रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकडे उतरत जाणाऱ्या सुमारे दीड एकर जमिनीवर उभी आहे. तळमजला आणि वर एक मजला, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलांचे छप्पर. तिचे प्रशिक्षण केंद्रात रूपांतर करण्याचे काम जानेवारीत सुरू झाले. देणगीदारांच्या अटीप्रमाणे इमारतीला लीड (LEED) हे हरित इमारतींसाठीचे अमेरिकी प्रमाणपत्र मिळवायचे आहे. छप्पर, वायरिंग, नळकाम आणि स्वच्छतागृहे अशी सगळीच कामे निघाल्यामुळे आमची नोंदणी लीडच्या चौथ्या आवृत्तीत, ‘नवीन बांधकाम आणि मोठे नूतनीकरण’ या प्रकारात झाली आहे.

या प्रकारात बांधकामामुळे होणारे प्रदूषण रोखण्याची एक पूर्वअट आहे आणि मातीची धूप व गाळ यांच्या नियंत्रणाचा आराखडा हा तिचा गाभा आहे. संस्थेतर्फे कागदपत्रे मी सांभाळते. पायाचे खोदकाम नाही, सबब ही अट लागू नाही, असे टिपण मी लिहिले होते. सल्लागारांनी ते परत पाठवले. त्या वेळी मला ती निव्वळ कागदी अडवणूक वाटली होती. पुढे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि आमच्या आवारातून तांबडेलाल पाणी वाहत जाऊन खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या विहिरीत उतरले. त्या घरचे लोक तेच पाणी पितात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात उभी असताना मला त्या टिपणाची मनापासून लाज वाटली.

माझे तीन प्रश्न आहेत. नूतनीकरणाच्या कामात या आराखड्यात नेमके काय काय यायला हवे? अमेरिकेतील पावसावर बेतलेले नियम कोकणच्या पावसात कसे पाळायचे? आणि जानेवारीपासूनच्या सहा महिन्यांचा कोणताही पुरावा आमच्याकडे नाही, त्याचे काय करावे?

सह्यकडा

मी पुण्यात वास्तुविशारद आहे आणि अशा तीन प्रकल्पांची कागदपत्रे हाताळली आहेत. प्रथम अटीचे स्वरूप सांगतो. ही पूर्वअट असल्यामुळे तिला गुण नाहीत, मात्र ती पूर्ण झाली नाही तर बाकीचे गुण कितीही असले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. चौथ्या आवृत्तीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २०१२ सालचा बांधकामविषयक सर्वसाधारण परवाना आधार म्हणून घेतला आहे. तो परवाना किंवा स्थानिक समतुल्य नियम, यांपैकी जे अधिक कडक असेल ते पाळायचे. अमेरिकेत असा परवाना साधारणपणे एक एकर किंवा अधिक जमीन उकरली जाणार असेल तेव्हा लागतो. लीडने मात्र आकाराची ही सवलत काढून टाकली आहे. प्रकल्प केवढाही असो, अट लागू होतेच. त्यामुळे आपले टिपण परत येणे अपरिहार्य होते.

अटीचा हेतू तिहेरी आहे: पाण्याने किंवा वाऱ्याने माती वाहून जाऊ नये, गटारांत आणि ओढ्या-नाल्यांत गाळ साचू नये, आणि धुळीने हवा बिघडू नये. नूतनीकरणात पाया खणला जात नाही हे खरे, तरी सेप्टिक टाकीचा खड्डा, मलवाहिन्यांचे चर, उतारमार्गाचा (रॅम्पचा) भराव, पाडकामाचा राडारोडा, वाळू-खडीचे ढीग, काँक्रीट मिश्रणयंत्र धुतल्याचे पाणी आणि टेम्पोच्या चाकांनी रस्त्यावर आलेला चिखल हे सगळे तिथे असतेच. आपल्या आवारात यांपैकी काय काय आहे ते कळवा. आराखडा त्या यादीतूनच तयार होतो.

वळचण

सह्यकडा, आपण सांगितलेले जवळजवळ सर्वच आहे. सेप्टिक टाकीचा खड्डा एप्रिलमध्ये खणला आणि त्याची माती शेजारीच, उताराच्या कडेला टाकली होती. चरांचे खोदकाम मेमध्ये झाले. उतारमार्गाचे काम अजून व्हायचे आहे. एकूण उकरलेली जमीन सहा गुंठ्यांच्या आसपास भरेल. विहिरीत गेलेली माती त्या ढिगाचीच असावी असा आमचा समज आहे.

पागोळी

मला एक शंका आहे. छपराचे काम चालू असताना आपण पन्हळी काढून ठेवल्या होत्या का?

वळचण

होय. वासे बदलायचे असल्यामुळे एप्रिलमध्ये पन्हळी आणि खाली येणारे नळ दोन्ही काढले. पावसाच्या आत कौले परत चढवली, पन्हळी मात्र अजून बसवलेल्या नाहीत.

पागोळी

मग तो ढीग एकटा दोषी नाही. छप्पर ३०० चौरस मीटरचे धरले आणि एका संध्याकाळी ६० मिलिमीटर पाऊस पडला असे मानले, तर १८ हजार लिटर पाणी छपरावरून खाली येते. पन्हळी असताना ते ठरलेल्या दोन-चार ठिकाणी, दगडी गटारात उतरत होते. पन्हळी काढल्यावर तेच पाणी पूर्ण लांबीच्या पागोळ्यांनी जोत्याच्या कडेला आपटते. तिथे चरांसाठी जमीन नुकतीच उकरलेली असेल, तर पागोळ्यांनी ती माती सैल केली आणि उताराने ती पुढे नेली, इतके सरळ आहे. नवीन बांधकामात हा धोका नसतो, कारण तिथे छप्पर शेवटी येते. नूतनीकरणात छप्पर आधीपासून असते, आपण फक्त त्याच्या पाण्याची वाट मोडतो.

माझ्या आजोळच्या घराची डागडुजी चालू असताना एका पावसात ओटीसमोर हातभर खोल नाळ पडली होती. त्यानंतर वडिलांनी पुढच्या पावसाआधी सुपारीच्या पोफळीच्या पन्हळी तात्पुरत्या बांधून घेतल्या. आपण पीव्हीसी नळ उभा चिरून लावला तरी चालेल. पाणी मात्र आजच्या आज एका जागी आणून दगडांवर सोडा.

सह्यकडा

पागोळी यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो आराखड्यात ठळकपणे लिहावा. छपराच्या कामाच्या प्रत्येक टप्प्यावर छपराचे पाणी कोठे जाते, हे नकाशावर बाणाने दाखवले तर परीक्षकाला आपण नूतनीकरणाचा खराखुरा विचार केला आहे हे दिसेल. बहुतेक आराखडे मोकळ्या भूखंडाचा नमुना उचलून लिहिलेले असतात. तीनपैकी एका प्रकल्पात मीही तसेच केले होते, आणि परीक्षकाने नेमका प्रश्न विचारला होता की जुन्या इमारतीचे पाणी बांधकामकाळात कोठे जाते.

राजापुरी_गडगा

मी तीस वर्षे कोकणात बांधकामाचे ठेके घेतो. वरील चर्चा वाचली. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या पावसात माती उघडी टाकून तिला नंतर कुंपणाने अडवणे हा उलटा कारभार आहे. आमच्या वाडवडिलांनी उतारावर गडगे (म्हणजे नुसत्या दगडांच्या बुटक्या भिंती) रचले, वरच्या अंगाला चर काढून डोंगराचे पाणी बाजूला काढले, भाताच्या खाचरांना बांध घातले. माती उकरायची ती दसऱ्यानंतर आणि मेच्या मध्यापर्यंत भरून, चोपून मोकळे व्हायचे. आमच्याकडे हाच नियम आहे आणि तो कोणत्याही परदेशी परवान्यात शोधावा लागत नाही. प्रमाणपत्राच्या कामावर मी एकदा गेलो होतो. तिथे आवाराभोवती हिरवी शेडनेट बांधून तिचे फोटो काढले होते. त्या जाळीतून चिखलाचे पाणी सरळ आरपार जात होते. फोटोत मात्र सगळे व्यवस्थित दिसत होते. अशा कामाने कोणाची विहीर वाचत नाही.

वळचण ताई, उतारमार्गाचे खोदकाम आता पावसात मुळीच करू नका. देणगीदारांना पत्र लिहा.

अटलांटिक_काठ

मी न्यू जर्सीत स्थापत्य अभियंता आहे आणि रोजच्या कामात हाच विषय असतो. राजापुरी_गडगा, आपल्या म्हणण्यातला पहिला भाग त्या परवान्यातलाच आहे. उघडी जमीन कमीत कमी ठेवणे आणि ती कमीत कमी काळ उघडी राहील असे कामाचे टप्पे पाडणे, यावर तिथेही भर आहे. एखाद्या भागातले काम थांबले आणि पुढचे १४ दिवस ते सुरू होणार नसेल, तर तो भाग आच्छादनाने किंवा गवताने स्थिर करण्याचे काम लगेच हाती घ्यावे लागते. उतारमार्गाचे काम दसऱ्यानंतर ठेवणे हे आराखड्यातले पहिले आणि सर्वांत बळकट कलम होऊ शकते. ते तसेच लिहावे.

शेडनेटबद्दलही आपण म्हणता ते योग्य आहे. गाळ अडवणाऱ्या कुंपणाचे कापड वेगळे असते. त्याची खालची कड सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती दाबावी लागते, नाहीतर पाणी खालून निघून जाते. हे कुंपण समपातळी रेषेवर घालायचे असते आणि ते पसरून येणाऱ्या पाण्यासाठी असते. ओहोळासारख्या एकवटलेल्या प्रवाहात घातले तर पहिल्याच सरीत आडवे होते. इथे रूढ हिशेब असा आहे की १०० फूट लांबीच्या कुंपणामागे पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन असू नये. कुंपणाशी गाळ त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत साचण्याआधी काढायचा असतो.

आपला गडगा आराखड्यात नक्कीच येऊ शकतो. पद्धत कोणती वापरावी हे तिथे नावानिशी बांधलेले नाही, तिचे कार्य दाखवावे लागते. गडगा पाण्याचा वेग मोडतो आणि जाडसर गाळ धरतो. बारीक माती मात्र दगडांच्या फटींतून जाते. त्याच्या वरच्या अंगाला जिओटेक्स्टाईलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड लावून त्याची खालची कड पुरली, तर दोन्ही कामे होतील.

राजापुरी_गडगा

कापड लावण्याची सूचना मान्य आहे. एक सांगतो, कापडावर आठ-पंधरा दिवसांत चिखलाचा थर बसून पाणी तुंबते आणि मग गडग्यावर दाब येतो. पावसाळ्यात ते खराट्याने झाडत राहावे लागेल. त्यासाठी एक माणूस नेमावा आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. ठेकेदार ती स्वतःच्या खिशातून घालणार नाही, हे मी ठेकेदार म्हणून सांगतो.

काळी_माती

मी मृदाशास्त्र शिकवतो. गाळ बसण्याच्या वेगाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अनेक आराखड्यांत एक गाळखड्डा काढून प्रश्न सुटला असे मानलेले असते.

स्थिर पाण्यात दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सेकंदाला सुमारे ९ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे एक मीटर खोलीसाठी त्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. शतांश मिलिमीटरच्या कणाला तेच अंतर कापायला सुमारे तीन तास लागतात. सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला बारा-तेरा दिवस लागतात. कणाचा व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. त्यामुळे देशावरच्या काळ्या मातीचे पाणी छोट्या खड्ड्यात अर्धा तास थांबवून निवळत नाही. कोकणात जांभ्याचा वरचा थर कठीण असतो, पण त्याच्या खाली अनेक ठिकाणी पांढरट-गुलाबी, मऊ मातीचा थर लागतो आणि तो पाण्याबरोबर फार सहज सुटतो. सेप्टिक टाकीचा खड्डा तीन मीटरच्या आसपास खोल असेल, तर ढिगात तीच माती आली असण्याचा संभव आहे. वळचण, ढिगाचा रंग एकदा पाहून सांगाल का?

या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो की बारीक माती एकदा पाण्यात मिसळली की ती परत मिळवणे फार अवघड असते, म्हणून ढीग झाकणे हा खरा उपाय आहे. जाड ताडपत्री, तिच्या कडांवर वाळूच्या गोण्या, आणि ढिगाच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा छोटा चर, एवढे केले तर खड्ड्याचे काम निम्म्याहून कमी होते.

वळचण

आज जाऊन पाहिले. वरून ढीग तांबडा दिसतो, पण फावड्याने उकरल्यावर आत गुलाबीसर, हाताला पिठासारखी लागणारी माती आहे. म्हणजे आपले अनुमान बरोबर ठरले. ताडपत्री आजच घातली. पीव्हीसी नळ चिरून तात्पुरत्या पन्हळीही दोन बाजूंनी लावल्या आहेत, उरलेल्या दोन बाजूंचे काम उद्या होईल.

मिश्रणयंत्र कोठे धुतात तेही पाहिले. ते पाणी सरळ आंब्याच्या बुंध्याशी सोडले जात होते. मी ते थांबवले.

अटलांटिक_काठ

ते पाणी फार क्षारधर्मी असते. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ च्या जवळ जातो आणि तो मुळांना आणि खाडीतल्या जिवांना घातक असतो. जाड प्लास्टिक अंथरलेला एक खड्डा उतारापासून आणि गटारापासून दूर करून घ्या. पाणी आटल्यावर उरलेला सिमेंटचा थर राडारोड्याबरोबर पाठवावा.

आता आपला दुसरा प्रश्न. परवान्यात पाहणीचे दोन पर्याय आहेत. एक, दर सात दिवसांनी पाहणी. दोन, दर १४ दिवसांनी पाहणी आणि शिवाय पाव इंच किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की २४ तासांच्या आत आणखी एक. पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. इथे तेवढा पाऊस ही नोंद घेण्याजोगी घटना असते. रत्नागिरीत जुलैमध्ये तेवढा पाऊस बहुधा रोजच होतो, म्हणून दुसरा पर्याय घेतला तर आपल्याला जवळजवळ दररोज औपचारिक अहवाल लिहावा लागेल. सात दिवसांचा पर्याय घ्या.

सह्यकडा

कागदावर सात दिवसांचा पर्याय घ्यावा हे मान्य आहे, परंतु प्रत्यक्षात कोकणात पावसाळ्यात आठवड्यातून एक फेरी पुरेशी नाही असे मला ठामपणे वाटते. ज्या संध्याकाळी विहीर गढूळ झाली त्या आधी तीन दिवस कोणी पाहणी केली असती आणि पुढची चार दिवसांनी होणार असती, तर नियम पाळला गेला असता आणि विहीर तरीही गढूळ झाली असती. औपचारिक अहवाल आठवड्याला लिहावा, आणि पहारेकऱ्याने किंवा मुकादमाने रोज संध्याकाळी पाच मिनिटांची फेरी मारून वहीत एक ओळ लिहावी. कोणत्या ठिकाणी पाणी तुंबले, कोठे ताडपत्री उडाली, एवढेच.

अटलांटिक_काठ

आपले म्हणणे योग्य आहे, मी माझी सूचना तशी दुरुस्त करतो. अधिक कडक ते पाळावे हीच मूळ अटीची भाषा आहे.

गाळखड्ड्याच्या आकाराचा हिशेबही देऊन ठेवतो. परवान्यानुसार खड्डा करायचाच असेल तर त्यात दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या २४ तासांच्या पावसाचे पाणी मावावे, किंवा त्याकडे वाहून येणाऱ्या प्रत्येक एकरामागे ३,६०० घनफूट जागा असावी. गुंठ्याला ९० घनफूट होतात. आपल्या सहा गुंठ्यांसाठी ५४० घनफूट, म्हणजे सुमारे १५ घनमीटर. हा हिशेब खड्ड्याकडे वाहणाऱ्या सर्व जमिनीचा असतो, नुसत्या उकरलेल्या जमिनीचा नव्हे. वरच्या अंगाचे स्वच्छ पाणी चर काढून बाहेरून वळवले नाही, तर पूर्ण दीड एकराचा हिशेब धरावा लागेल आणि खड्डा दहापट मोठा होईल.

राजापुरी_गडगा

वरच्या अंगाचा चर आधी, हे मी पहिल्याच दिवशी लिहिले होते. हिशेबानेही तेच निघाले याचे समाधान आहे.

दादरकर_८८

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. मुंबईत आमच्या कार्यालयाचे एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर नूतनीकरण होणार आहे. आम्हालाही हा आराखडा करावा लागेल का?

सह्यकडा

केवळ आतील सजावटीचे काम असेल तर लीडमध्ये त्यासाठी वेगळा प्रकार आहे आणि त्यात ही पूर्वअट नाही. लीडच्या चौथ्या आवृत्तीत चालू वापरातील इमारतींच्या प्रकारात मात्र आवाराच्या व्यवस्थापनाचे लेखी धोरण लागते आणि त्यात धूप व गाळ यांचे नियंत्रण येते. आयजीबीसीच्या, म्हणजे भारतीय हरित इमारत परिषदेच्या, नवीन इमारतींच्या मानांकनातही मातीची धूप रोखणे ही अनिवार्य अट असून ती राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागावर आधारलेली आहे. आपल्या कामात अट नसली तरी फोडलेल्या प्लास्टरचा राडारोडा खाली पदपथावर टाकाल तेव्हा शेजारच्या पर्जन्यजलवाहिनीच्या जाळीपासून तो दूर ठेवा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढ्या पावसापुढे कोणतीही वाहिनी अपुरीच, पण साध्या पावसातही पाणी साचण्याला असा राडारोडा कारण होतो.

माशेल_फोंडा

मी गोव्याहून लिहिते आहे. संहितेचा उल्लेख आला म्हणून एक अनुभव सांगते. त्या दहाव्या भागात वरची सुपीक माती २०० मिलिमीटर खोलीपर्यंत काढून ४०० मिलिमीटर उंचीच्या ढिगांत साठवावी आणि लागवडीच्या वेळी परत पसरावी असे आहे. आमच्या इथे जांभ्याच्या सड्यावर (उघड्या पठारावर) सुपीक माती बोटभर असते. २०० मिलिमीटरचा आकडा पाळण्यासाठी आमच्या कामावर खालचा मुरुमही खरवडून त्याच ढिगात मिसळला गेला आणि चांगली माती वाया गेली. वळचण यांनी आधी चार ठिकाणी छोटे खड्डे घेऊन सुपीक थर किती आहे ते मोजावे आणि तेवढाच काढावा. ढीग बुटका ठेवण्यामागचे कारण मात्र महत्त्वाचे आहे. उंच ढिगात खालच्या मातीला हवा मिळत नाही आणि तिच्यातले जीव मरतात.

आंब्याविषयी काळजी वाटली. झाडाच्या विस्ताराखालची जमीन, म्हणजे फांद्यांच्या टोकापर्यंतचे वर्तुळ, तात्पुरते कुंपण घालून पूर्ण वगळा. तिथे चिऱ्यांचे थरसुद्धा रचू नयेत. आणि ढीग हलवल्यावर त्या उताराच्या कडेला वाळ्याची रोपे समपातळीवर दाट लावा. वाळ्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पावसाळ्यातच ती लवकर रुजतात, त्यामुळे आताची वेळ योग्य आहे.

काळी_माती

२०० मिलिमीटरबाबत मी माशेल_फोंडा यांच्याशी सहमत आहे. आराखड्यात मोजलेली खोली छायाचित्रासह लिहिली तर संहितेच्या आकड्यापेक्षा कमी माती का काढली याचे उत्तर आपोआप मिळते.

वळचण

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही. एका परिचितांनी सुचवले की आता कुंपण घालून वेगवेगळ्या दिवशी फोटो काढावेत आणि त्यांवर जानेवारी ते जूनच्या तारखा घालाव्यात. मला ते पटत नाही, पण मग दुसरा मार्ग कोणता?

सह्यकडा

ते मुळीच करू नका. खोटी तारीख घातलेले एक छायाचित्र उघड झाले तर साऱ्या अर्जाची विश्वासार्हता जाते, आणि तसे झाले नाही तरी ते करणे चुकीचेच आहे. जे घडले ते सरळ लिहा. आराखडा कोणत्या तारखेपासून लागू झाला, त्याआधी कोणती कामे झाली, जूनमध्ये गाळ बाहेर कसा गेला, आणि त्यानंतर कोणत्या दिवशी कोणती दुरुस्ती केली. चुकीची दुरुस्ती आणि तिची नोंद हा त्या परवान्याचाच एक भाग आहे. दोष आढळल्यावर लगेच पावले उचलावीत आणि नवीन उपाय किंवा मोठी दुरुस्ती सात दिवसांच्या आत पूर्ण करावी, असे त्यात म्हटले आहे.

मागील काळाचे खरे पुरावेही शोधता येतील. ठेकेदाराची बिले आणि खोदकामाच्या मोजमापांची वही यांवरून कोणत्या आठवड्यात किती जमीन उकरली ते कळेल. मजुरांनी मोबाईलवर सहज काढलेल्या फोटोंत पार्श्वभूमीला आवार दिसते आणि फाईलमध्ये तारीख असते. पावसाची नोंद महावेध या राज्याच्या हवामान-नोंदणी प्रकल्पाच्या तुमच्या महसूल मंडळातील केंद्रावरून मिळेल. जानेवारी ते मे जवळजवळ कोरडे गेले असतील, तर पाण्याने धूप होण्याचा प्रश्न त्या काळात फारसा नव्हता आणि धुळीचा होता, हेही आकड्यांनी दाखवता येईल. परीक्षक हे मान्य करतील याची हमी मी देऊ शकत नाही. माझ्या एका प्रकल्पात असे दोन महिन्यांचे खिंडार होते. स्पष्टीकरण मागितले गेले, आम्ही सर्व खरे लिहिले आणि ते स्वीकारले गेले.

पागोळी

कोरड्या महिन्यांत धुळीसाठी पाणी मारले असेल तर टँकरच्या पावत्याही जोडा.

वळचण

टँकरच्या एकवीस पावत्या सापडल्या. मुकादमाच्या मुलाने होळीच्या सुमारास काढलेले काही फोटोही मिळाले, त्यांत पन्हळी जागेवर असल्याचे स्पष्ट दिसते.

आतापर्यंत ठरलेले असे. उतारमार्गाचे खोदकाम दसऱ्यानंतर होईल, देणगीदारांना तसे पत्र गेले आहे. वरच्या अंगाचा चर काल पूर्ण झाला आणि त्याचे पाणी दगडी उतारावरून सोडले आहे. जुना गडगा दोन ठिकाणी ढासळला होता, तो रचून घेऊन वरच्या अंगाला कापड लावायचे काम चालू आहे आणि ते झाडण्यासाठी माणूस नेमला आहे. चाकांचा चिखल रस्त्यावर जाऊ नये म्हणून फाटकाशी मोठ्या खडीचा थर टाकला आहे. आंब्याभोवती कुंपण झाले. सुपीक थर चार ठिकाणी मोजला, तो ६० ते ९० मिलिमीटरच भरला.

राजापुरी_गडगा

ताई, काम मार्गी लागले हे वाचून बरे वाटले. त्या शेजाऱ्यांच्या विहिरीचे काय झाले?

वळचण

विहीर संस्थेच्या खर्चाने उपसून गाळ काढला आणि पाण्याची तपासणी करून घेतली. अहवाल येईपर्यंत त्यांना पिण्याचे पाणी आम्हीच पोहोचवत होतो. अहवाल चांगला आला, तरी त्या घरातल्या आजी अजून ते पाणी उकळूनच पितात.

आराखड्यात मी एक कलम स्वतःहून घातले आहे. दर शनिवारी पाहणी झाली की वही घेऊन मी त्यांच्या अंगणात जाते, विहिरीत कळशी सोडून पाणी वर काढते आणि ते त्यांना दाखवते. पाणी स्वच्छ आहे असे त्यांना वाटले तरच त्या आठवड्याच्या नोंदीखाली त्यांची सही होते. गेल्या शनिवारी आजींनी सही केली नाही, पाण्याला अजून किंचित रंग आहे म्हणाल्या. गडग्याच्या ज्या टोकाला कापड लावायचे राहिले होते तिथे सोमवारी सकाळी पुन्हा पाहिले, आणि पाणी तिथूनच खाली झिरपत होते.